समुद्राच्या पाण्यात कालवलेला चुना

गल्फमध्ये तीस वर्षं गवंडीकाम केलं की घरी न्यायला दोनच गोष्टी उरतात, पाठदुखी आणि किस्से. पाठदुखीचं कोणी ऐकत नाही, म्हणून किस्से सांगतो. हे सगळे उम्म अल कुवैनच्या एका जुन्या धक्क्यावरचे, नव्वदच्या दशकातले.

आमची छोटी कंपनी डागडुजी करायची. खारं पाणी धक्क्याच्या भिंतीत शिरायचं, आतलं लोखंड गंजून फुगायचं, काँक्रीट फुटायचं. दर दोन वर्षांनी आम्ही तिथेच जाऊन परत लिंपायचो. मग पुण्याहून सुमेध नावाचा तरुण इंजिनिअर आला. म्हणाला, "काका, रोमन लोकांनी लोखंड न घालता, चुना आणि ज्वालामुखीची राख समुद्राच्या पाण्यात कालवून बंदरं बांधली. दोन हजार वर्षं झाली, अजून उभी आहेत. आपली भिंत समुद्र खातो, त्यांची पोसतो."

लेबनॉनचा मॅनेजर म्हणाला, "भिंतीत मधला एक तुकडा करून दाखव. उन्हाळा टिकला तर तू कायम, बायकोचा व्हिसाही देतो. नाही टिकला तर तिकीट."

सुमेधचं नुकतंच लग्न झालेलं. त्याने अल कुसैसला खोली बघून कुकरसुद्धा आणून ठेवला होता.

* * *

राख इटलीहून आली. कस्टमच्या साहेबाने गोणी उघडली. "ये किसका राख है?"

"ज्वालामुखी का," सुमेध म्हणाला.

साहेबाने छातीवर हात ठेवला. "अल्ला रहम करे. बहुत बडा आदमी था?"

तीन गोण्या होत्या.

* * *

आमचे फोरमन युसूफभाई, श्रीवर्धनचे. सिमेंटमध्ये खारं पाणी घालताना कोणी दिसला की त्याला दुपारच्या आत साइटवरून हाकलायचे. सुमेध त्यांना म्हणाला, "युसूफभाई, समुद्रातून चार बादल्या पाणी आणायला सांगा."

युसूफभाईंनी पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले. मग म्हणाले, "साहेब, याच कामासाठी मी आजवर अकरा माणसं घरी पाठवलीत. तुम्ही बारावे. पण तुम्हाला पाठवायचा अधिकार मला नाही."

आणि स्वतः बादली घेऊन उतरले.

* * *

माझे वडील विहिरी बांधायचे. चुन्यात गूळ घातल्याशिवाय त्यांनी थापी उचलली नाही. सुमेधच्या कागदावर गूळ नव्हता. पोराच्या संसाराचा प्रश्न, माझा जीव राहिना. तो फोनवर गेला तेवढ्यात मी डब्यातला खडा विरघळवून टाकला.

आठवड्याने त्याच्या टेबलावरच्या नमुन्याला मुंग्या लागल्या. तो म्हणाला, "काका, रोमन चुन्याला मुंग्या लागतात असं कुठल्याच पुस्तकात नाही."

मी म्हटलं, "पुस्तक लिहिणाऱ्याकडे मुंग्या नसतील."

त्याने ते वहीत लिहून घेतलं.

* * *

तो चुना घट्ट व्हायला काही तयार नव्हता. चौथ्या दिवशी मॅनेजरने त्यात बोट खुपसलं, ते पेरभर आत गेलं. "हबीबी, ही भिंत आहे की हुम्मुसची चटणी?"

"सर, रोमन लोकांना घाई नव्हती."

"रोमन लोकांना मी मॅनेजर नव्हतो."

सुमेध दोन दिवस जेवला नाही. मी रोज भरतीच्या आधी त्या तुकड्यावर गोणपाट बांधायचो, अंगावर पांघरूण घालावं तसं.

* * *

उन्हाळा संपला. तुकडा जागेवर होता, पण मॅनेजरला खात्री करायची होती. "तोडून दाखवा," म्हणाला. दोन पठाण ब्रेकर मशीन घेऊन आले. सुमेध माझ्या बाजूला उभा होता, दोन्ही मुठी खिशात.

तासाभराने डावीकडचं आमचं काँक्रीट पडलं. मग उजवीकडचं पडलं. मग मशीनची छिन्नी तुटली. मधला तुकडा तसाच. पठाण खाली बसले आणि पाणी मागू लागले.

मॅनेजर वाकला. हाताने तुकडा चाचपला, मुठीने ठोकला. मग सुमेधच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेऊन गेला. आम्ही कान टवकारले.

"खलास. बायकोला बोलाव, व्हिसा उद्याच करतो," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, अगदी काकुळतीला येऊन, "पण हबीबी, बाकीची भिंत आपल्या नेहमीच्या सिमेंटने कर. ती फुटलीच नाही, तर उद्या तुझी मुलं काय खातील?"