घागरीचा चोर दर वेळी वेगळा

गेम बनवायला घेतला तेव्हा वाटलं होतं, नाव कमवू. कमावले ते किस्से! आता चहाला बसलं की एकातून दुसरा निघतोच.

आम्ही म्हणजे मी आणि प्रवीण. ऑफिस म्हणजे भंडाऱ्यात त्याच्या मामांच्या पितळी भांड्यांच्या दुकानावरची खोली. आमच्याकडे लेकीला आंदणात पितळेची घागर देतातच, म्हणून गेमही तसाच. लग्नघरातून घागर चोरीला जाते, खेळणाऱ्याने चोर शोधायचा. चोर कोण, हे दर वेळी कम्प्युटर रँडम ठरवतो. चित्रकार परवडेना, म्हणून संशयितांना आमचेच फोटो लावले. मी, प्रवीण, मामा आणि शेजारपाजारचे.

मामांना घोर एकच, भाच्याचं लग्न. "पोट्टा काय करते, असं कोणी इचारलं तं काय सांगू? चोर बनवते?"

*

पहिल्या टेस्टिंगला चोर निघाले मामा. दुसऱ्यांदा मामा. तिसऱ्यांदाही मामाच!

"मीच काहून बे? मी तं खाली दुकानात बसून राहिलो!"

"मामा, कम्प्युटर काहीही निवडते," प्रवीण म्हणाला.

"मंग त्याले सांग, दुसरं काहीही निवड!"

*

पुरावेही रँडम जागी पडायचे. एकदा सगळेच्या सगळे चोरीला गेलेल्या घागरीत पडले! घागर सापडल्याशिवाय पुरावा नाही, पुराव्याशिवाय घागर नाही. मी डोकं धरून बसलो.

प्रवीण शांतपणे म्हणाला, "चोर हुशार निघाला बे."

*

दुकानात एक रिटायर्ड गुरुजी येऊन बसायचे. त्यांना खेळायला दिलं. पहिल्या डावात शेजारीण चोर निघाली. दुसऱ्या डावात त्यांनी काहीच न बघता पुन्हा शेजारणीवर बोट ठेवलं आणि चुकले.

गुरुजी भडकले. "उत्तर रोज बदलते? मंग पोरायनं पाठ काय करायचं?"

*

मामांची रोजची कटकट नको म्हणून प्रवीणने गुपचूप त्यांचं नाव चोरांतून काढलं. झालं! दुकानात गेम खेळून बघणारी गिऱ्हाईकंच म्हणायला लागली, "मामा कधीच चोर निघत नाही. सेटिंग हाय!"

मामा धापा टाकत जिना चढून आले. "इज्जतीचा सवाल हाय. मले वापस चोर कर!"

तेव्हापासून प्रवीणने कानाला खडा लावला. रँडमला हात लावायचा नाही.

*

आणि मग प्रवीणला चिखला गावचं स्थळ आलं. मुलीचे वडील मँगनीजच्या खाणीत, माणूस कडक. प्रवीणला मुलगी मनापासून आवडली होती. "निदान आजच्या दिवस गेममधून तुझा फोटो काढून टाक ना बे," मी गाडीत विनवलं. ऐकेल तर शपथ!

जयभीम झाला, पोहे झाले. वडील म्हणाले, "दाखवा, काय बनवता ते."

चष्मा लावून प्रवीणच्या फोनवर मन लावून खेळले. पुरावे जुळवले. चोर निघाला प्रवीण!

सोबत आलेल्या मामांना राहवलं नाही. "अहो, हे असंच असते. मीबी कितीदा चोर झालो!"

वडिलांनी मामांकडे नीट पाहिलं आणि दुसरा डाव लावला. चोर मामा. तिसरा डाव. चोर मी!

वडिलांनी फोन खाली ठेवला, आणि आत आवाज दिला, "अवो, बाहेरची पितळेची भांडी आत घे!"

आतून मुलगी खो खो हसली. ते हसणं ऐकून प्रवीण लाजला, आणि आम्ही समजलो, जमलं!

लग्न झालं, थाटात झालं. आंदणही भरपूर आलं. घागरीपासून चमच्यापर्यंत सगळं स्टीलचं!