दोन शेठांचा एक पासवर्ड

वालीवच्या आमच्या गल्लीत पहिला कॉम्प्युटर मी चालवला, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगतो. चालवला म्हणजे हातगाडीवरून, टेम्पोपासून ऑफिसच्या दारापर्यंत! त्यातही गटाराच्या वळणावर मॉनिटर घरंगळला आणि आग्नेलने झेलला, म्हणून वाचला. आठवी नापास माणसाने याहून जास्त काय चालवायचं?

किस्से सांगायला मात्र शाळा लागत नाही. लेथखाली लोखंडाचा कीस साचतो, तसे ते साचत जातात. कितीही झाडा, कोपऱ्यात थोडा उरतोच, आणि मग चपलेला चिकटून घरी येतो.

आमचा कारखाना बाटल्यांच्या झाकणांचे साचे बनवतो. मालक दोघे सख्खे भाऊ, गिरीज गावचे वाडीवाले. एक मोठे शेठ, एक धाकटे शेठ. आग्नेल फिटर, वयाने माझ्याच बरोबरीचा. मी स्टोअर सांभाळतो. आणि सविता, तुळिंज गावची. साच्यांची ड्रॉइंगं ती काढते. घरात कमावती ती एकटीच, आणि अजून कायम झालेली नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

झालं असं की आमच्या मोठ्या गिऱ्हाईकाने कळवलं, तुमची सिस्टीम जुनाट झाली, त्यावरून आलेल्या फायली आम्ही उघडणार नाही. सविता म्हणाली, "शेठ, मी नवीन सिस्टीम टाकते. बाहेरचा माणूस नको."

मोठे शेठ म्हणाले, "टाक. पण एक जरी ड्रॉइंग हरवलं, तर त्याच्या मागोमाग तू!"

*

आधी तिने कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतून लाल धूळ! दर दसऱ्याला आम्ही लेथची पूजा करतो, ड्रिल मशीनची करतो, मग कॉम्प्युटरने काय घोडं मारलंय? हळद, कुंकू, अक्षता, वरून झेंडू. पेन ड्राइव्ह लावायच्या खाचेत तांदळाचा दाणा निघाला.

सविता कपाळाला हात लावून म्हणाली, "शेठ, कुंकू आत जातं ना! शॉर्ट होईल एक दिवस."

"इतकी वर्षं झाला का?"

"नाही, पण..."

"मग कुणामुळे नाही झाला?"

*

सिस्टीम टाकायला शेठने मुहूर्त दिला. राहुकाळ लागायच्या आत संपलं पाहिजे! सविताने सगळ्या ड्रॉइंगांची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढली आणि बटण दाबलं. पडद्यावरची निळी पट्टी सरकत सरकत अर्ध्यावर आली आणि थांबली. नेमका राहुकाळ लागला.

पट्टी हलेना. सविता नखं खाऊ लागली. मोठे शेठ तिच्या मागे उभे, धाकटे शेठ मोठ्यांच्या मागे. अशा वेळी माझ्यासारख्याला गप्प राहवतं का? मी हळूच म्हणालो, "जळका वास येतोय गं."

पोरगी पांढरीफटक! प्लग उपटायला टेबलाखाली वाकली. तेवढ्यात आग्नेल दारात आला. हातात सुका बोंबील, आमच्या भट्टीच्या झाकणावर भाजलेला.

"कोणाला हवाय?" तो म्हणाला.

सविता हसली नाही. माझ्याकडे असं बघितलं, की मी स्टोअरमध्ये जाऊन नटबोल्ट मोजत बसलो.

राहुकाळ संपला आणि पट्टी सरकली. मोठे शेठ खूश! सविता म्हणाली, "शेठ, ती मधे डिस्क तपासत होती, वेळ लागतो."

शेठ म्हणाले, "राहुकाळात तपासणीच होते माणसाची!"

*

मग निघाला पासवर्डचा विषय. जुना पासवर्ड ड्रिल मशीनच्या अंगावर खडूने लिहिलेला असायचा. चहावाल्यालाही पाठ होता. सविताने नियम सांगितले. लांब हवा, अक्षरं हवीत, आकडे हवेत, चिन्ह हवं, घरच्यांचं नाव नको, आणि कोणाला सांगायचा नाही.

आग्नेल म्हणाला, "लांब हवा तर माझं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव घाल. फादर म्हणता म्हणता थकला होता."

मी म्हणालो, "त्यापेक्षा मोठ्या शेठच्या सासूबाईंचं नाव ठेवा. ते शेठच्या तोंडून कधीच बाहेर पडणार नाही!"

शेठने माझ्याकडे बघितलंही नाही. खरा वाद वेगळाच होता. रोजच्या कामाला ज्याचा त्याचा पासवर्ड, पण मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की आधी मुख्य पासवर्ड लागणार. तो कोणाकडे राहणार? मोठे म्हणाले माझ्याकडे, धाकटे म्हणाले माझ्याकडे. तोंडं लाल झाली.

तोडगा आग्नेलने काढला. "आमच्या चर्चच्या पेटीला दोन कुलपं असतात. एक चावी फादरकडे, दुसरी गावच्या माणसाकडे. दोघं आले तरच पेटी उघडते."

शेठना पटलं. अर्धा पासवर्ड थोरल्याचा, अर्धा धाकट्याचा. वर मोठ्या शेठचा हट्ट, चोराने सारखं सारखं टाकून बघितलं तर? म्हणून सविताने अशी सोय केली की लागोपाठ तीनदा चुकलं तर सगळं कायमचं बंद. ड्रॉइंगं गेली, त्याच कुलपातली कॉपीही गेली.

"आता कसं!" शेठ म्हणाले. मग पूजा मांडली, सविताला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, दोघांनी आपापला अर्धा टाकला आणि तेव्हापासून मशीन रात्रंदिवस चालूच ठेवलं.

*

एकदा मी एका चिटोऱ्यावर 'सविता, पासवर्ड' लिहून खाली काहीतरी खोटंनाटं खरडलं आणि कीबोर्डखाली सरकवलं. जेवणाच्या सुट्टीनंतर सविता बसते तर तिचं रोजचं खातं लॉक! कोणीतरी चुकीचा पासवर्ड मारत बसलेलं.

सगळ्यांनी कानावर हात ठेवले. धाकटे शेठ तेवढे घाम पुसत होते.

"मी फक्त बघत होतो," ते म्हणाले, "की आपला पासवर्ड चोरांपासून सुरक्षित आहे की नाही."

*

आता शेवटचा किस्सा.

शेठच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. धाकट्यांना ते बुजवून गाड्यांसाठी शेड घालायची होती. मोठे म्हणाले, आधी मला बुजवा. त्या दिवसापासून अबोला. कारखान्यात दोघं समोरासमोर बसायचे आणि मधे मी. "याला सांग, स्टील आलंय." "याला सांग, मला दिसतंय."

अशात एका सकाळी लाईट गेली. सविता म्हणाली, इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरने शिट्टी मारली आणि मान टाकली. लाईट आली तेव्हा पडद्यावर एकच चौकोन, मुख्य पासवर्ड टाका. आणि नव्या झाकणाचं ड्रॉइंग संध्याकाळच्या आत गिऱ्हाईकाकडे जायचं होतं.

मोठ्या शेठनी सविताला सगळ्यांदेखत सांगितलं, "नाही गेलं, तर उद्या येऊ नकोस."

दोघा भावांना मी कसंबसं टेबलाशी आणलं. मोठे बसले, तोंडाने पुटपुटत अर्धा टाकला, उठले. धाकटे बसले, तसाच पुटपुटत अर्धा टाकला. चूक! पुन्हा तसंच. पुन्हा चूक!

सविताने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला. "शेठ, आता एकदाच टाकता येईल. चुकलं तर सगळं गेलं."

धाकटे मला म्हणाले, "याला सांग, पूजेच्या दिवशी आधी मी टाकला होता."

मोठे म्हणाले, "याला सांग, आमच्या घरात थोरल्याच्या आधी कोणी पाटावर बसत नाही!"

खरं धाकट्यांचंच होतं. त्या दिवशी पूजेचा नारळ मीच लपवला होता. मोठे शेठ तो शोधत फिरत होते, तोवर धाकट्यांनी आपला अर्धा टाकून घेतला. पण आपण दुसरे बसलो होतो, हे माणूस कुठे लक्षात ठेवतो! आता हे सांगितलं असतं तर नारळ माझ्या डोक्यावर फुटला असता आणि मोठे शेठ तरीही आधीच बसले असते.

मी खिडकीतून ओरडलो, "शेठ, गेटवर गिऱ्हाईकाची गाडी!"

मोठे धावत सुटले. मी धाकट्यांना खुर्चीत ढकललं. त्यांनी आपला अर्धा टाकला आणि उठले. टाकलेलं पडद्यावर दिसतच नव्हतं, ठिपकेसुद्धा नाहीत. मोठे धापा टाकत परत आले. "कुठाय गाडी?"

"पुढच्या गाळ्यात गेली वाटतं."

ते बसले, आपला अर्धा टाकला. मग धाकटे बसले, बोटं नुसती हवेत नाचवली आणि एंटर दाबलं.

सविताने डोळे मिटले होते. आग्नेलने छातीवर क्रुसाची खूण केली. पडदा काळा झाला, काळाच राहिला, आणि मग एकदम उजळला!

मोठे शेठ छाती काढून म्हणाले, "बघितलं? थोरला आधी बसला की सगळं उघडतं."

धाकट्यांनी तोंडावर रुमाल धरला.

ड्रॉइंग गेलं. गिऱ्हाईकाचा 'मिळालं' असा निरोपही आला. सगळे पांगले, तसा मी सविताजवळ स्टूल ओढलं. "बघ पोरी, ह्या आठवी नापास म्हाताऱ्याने तुझी नोकरी वाचवली. मी नसतो तर तो पासवर्ड तुला सात जन्मांत मिळाला असता का?"

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "काका, दोघेही टाइप करताना अक्षर न् अक्षर मोठ्याने म्हणतात. त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून उभी होते, कान थोडेच झाकले होते? दोन्ही अर्धे मला तेव्हापासून पाठ आहेत. कोणता आधी, तेसुद्धा."

"अगं, मग सकाळपासून आमचा जीव का टांगून ठेवलास? उघडून टाकायचं!"

"उघडलं असतं तर चोरून ऐकलं म्हणून नोकरी गेली असती. नाही उघडलं तर ड्रॉइंग गेलं म्हणून गेली असती. तुम्ही एवढे हुशार ना, काका? सांगा, मी काय करायला हवं होतं?"