डावीकडची दोन बोटं

इथले भुताखेतांचे अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतोय. वाचतो आणि मनात म्हणतो, अहो, वायर सैल असेल, एकदा बघून तरी घ्या. बस डेपोच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढलीत. तिथं 'आपोआप' असं काही होत नाही, नट ढिला असतो नाहीतर माणूस. शिवाय आमच्या घरात भूत, अंगात येणं, लिंबू-मिरची यातलं काहीच चालत नाही. वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी ते सगळं घराबाहेर काढलं, ते परत आलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मला जरा लाजच वाटतेय. पण आता वाद घालायचंही त्राण नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

मी तामलवाडीचा. निवृत्त झाल्यावर एक जुनी पिकअप घेतली आणि मागच्या हौद्यावर पत्र्याची खोली बांधली. आत पलंग, गॅस, बॅटरी, कपड्यांच्या ट्रंका, दोन स्टेपन्या, माझी हत्यारं आणि दोनशे लिटरची पाण्याची टाकी. बायकोची, सुशीलाची, फार वर्षांची इच्छा होती — सांची, सारनाथ, बोधगया, कुशीनगर, सगळं आपल्या गाडीनं, आपल्या चालीनं बघायचं. ती शाळेत शिक्षिका होती. परंड्याकडच्या एका खेड्यात बारा वर्षं खच्चून भरलेल्या जीपमधून ये-जा केली, त्यात तिच्या मणक्याची वाट लागली. बसताना आधी हात टेकायची, मग बसायची.

गाडी तयार झाली तशी मागून बसायला लागली, इतका लोड. पाटे बदलणं भाग होतं. पाटे म्हणजे चाकावरच्या त्या एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या. लोडही त्या पेलतात आणि गचकाही त्याच खातात. पेलायच्या हव्या असतील तर जाड आणि कडक घ्यायच्या, गचके खायला हव्या असतील तर पातळ आणि मऊ. दोन्ही एकदम मिळत नाही. हायवेच्या पिकअपवाल्यांचं आयुष्य या एका भांडणात जातं.

नळदुर्गला हायवेच्या कडेला, ढाब्यांची रांग संपते तिथं मल्लिनाथ मिस्त्रीचं पत्र्याचं शेड आहे. कपाळाला विभूती, हाताला ग्रीस, आणि बोलण्यात मधूनमधून कानडी. त्याची एक पद्धत आहे. नुसती गाडी बघून तो पाटे ठरवत नाही. सगळा लोड भरून आणा म्हणतो, रोज जे बसतात त्यांना त्यांच्या जागेवर बसवतो, मग खाली शिरून एक्सल आणि वरच्या रबराच्या मधे बोटं घालून अंतर मोजतो; बोटं कमी मावली की ती बाजू जास्त दबलेली. मागच्या फाळक्यावर खडूनं लोड लिहितो आणि त्याच्याशेजारी माणसं. आमच्या फाळक्यावर त्यानं लिहिलं, ११ आणि २. म्हणजे अकराशे किलो, दोन माणसं.

"अण्णा," तो बाहेर येऊन म्हणाला, "एवढ्या लोडाला वर एक जाड पाटा टाकावा लागतोय. पण मग गाडी लई आपटती. अक्कांच्या पाठीला न्हाय झेपायचं. लोड थोडा उतरवा, मी मऊ पाट्यात बसवून देतो."

सुशीला खिडकीतून लगेच म्हणाली, "अहो, मी तेच सांगतेय. दोनशे लिटर पाणी कशाला? मी काय रोज म्हशी धुणार आहे का? गावोगाव पाणी मिळतं. टाकी काढा ना."

टाकी मी स्वतः वेल्डिंग करून बसवली होती. आठ दिवस खपून. आणि मिस्त्रीसमोर बायकोनं मला गाडीतलं शिकवावं, हे काही मला मानवलं नाही. मी म्हणालो, "लोड बघून पाटे बसवतात, माणूस बघून नाही."

मिस्त्रीनं पाना उचलला. सुशीलानं मान आत घेतली. जाड पाटा बसला.

आठ दिवसांनी ट्रायल म्हणून आम्ही परंड्याला गेलो. तिला तिची जुनी शाळा बघायची होती, मला गाडी. गाडी झकास चालली, तसूभर झुकली नाही. मी खूश. ती सगळा रस्ता पाठीमागची उशी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. ती उशी तिनं स्वतः शिवली होती, जुन्या साडीची. 'दुखतंय का' असं मी एकदा विचारलं. 'नाही, चला तुम्ही' म्हणाली. घरी आलो तेव्हा तिला केबिनमधून उतरताच येईना. शेजारच्या मंदाबाई आणि मी, दोघांनी मिळून उचलून उतरवलं.

मग अंथरूण. तीन महिन्यांनी हिंडू-फिरू लागली. जायचं ते पुढच्या थंडीत जाऊ असं ठरलं. पावसाळ्यात तिला हृदयाचा झटका आला आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, मणक्याचा आणि याचा काही संबंध नाही. लोकांना मीही तेच सांगतो.

मुलगी पुण्याला असते, करुणा. ती म्हणाली, "बाबा, ती गाडी विका आणि इकडं या." मला तिकडं जायचं नव्हतं आणि इथंही बसवत नव्हतं. या फेब्रुवारीत ठरवलं, एकट्यानंच जायचं. हौस म्हणून नाही. गाडी दारात उभी होती आणि ती रोज बघवत नव्हती, म्हणून.

सामान भरलं, टाकी भरली आणि डिझेल आणायला निघालो. परत आलो तर मंदाबाई फाटकात उभ्या. म्हणाल्या, "भाऊजी, गाडी डावीकडं लवलीय तुमची. मागनं लई दिसतंय."

मी उतरून बघितलं. गाडी सरळ. मागून, पुढून, वाकून बघितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी तुळजापूरला पंपावर हवा भरणारा म्हणाला, काका, डावा पाटा गेला वाटतं. उतरून बघतो तर परत सरळ. मग माझं डोकं फिरलं. दुरुस्ती करून ज्यानं उभा जन्म काढला, त्याला लोकांनी रस्त्यात थांबवून नादुरुस्ती दाखवावी आणि ती त्याला दिसू नये… संध्याकाळची वाट न बघता तसाच नळदुर्गला गेलो.

सकाळची उन्हं चढली होती. शेडचा पत्रा तापलेला. सुशीला गेल्याचं मिस्त्रीच्या कानावर आलं होतं. हात जोडले, पाणी दिलं, फाळका पुसला आणि खडू घेतला. "लोड तेवढाच?"

"तेवढाच."

"माणसं?"

"एक," मी म्हणालो. एवढा एक शब्द बोलायला मला बराच वेळ लागला.

त्यानं ११ आणि १ लिहिलं, मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि खाली शिरला. दोन्हीकडं बोटं घालून बघितली. मग म्हणाला, "अण्णा, जरा उतरा." उतरलो. "आता बसा." बसलो. असं चारदा झालं. मग तो हात पुसत खिडकीशी आला.

"उतरलं की दोन्हीकडं चार बोटं. तुमी बसलं की उजवीकडं चारच, आन डावीकडं दोन."

आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो. दाबली तर उजवी बाजू दाबायला हवी. हे शाळेतलं पोरही सांगेल.

मी म्हणालो, तू बस. तो बसला आणि मी खाली गेलो. त्याच्या वजनानं उजवी बाजू केसभर खाली आली, डावी जिथल्या तिथं. बरोबर. पुन्हा मी बसलो, डावीकडं दोन बोटं. शेवटी माझ्या पेटीतली लेव्हल काढून डॅशबोर्डवर ठेवली. गवंडी वापरतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. मी दारात उभा असताना बुडबुडा मधोमध. आत बसून दार लावलं की बुडबुडा हळूहळू उजवीकडं सरकायचा. बुडबुडा वर असलेल्या बाजूला जातो. म्हणजे डावी खाली. आता ते मी माझ्या डोळ्यांनी बघत होतो, आणि डावीकडच्या सीटवर फक्त ती उशी होती.

घाबरलो नाही. खरंच नाही. वैताग आला. म्हटलं, आता हे आणखी.

दोघांनी मिळून जे करता येतं ते सगळं केलं. ट्रंका इकडच्या तिकडं केल्या. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश बदलले. टाकीतलं पाणी एका बाजूला जात असेल म्हणून टाकी रिकामी करून बघितली. शेवटी वर्कशॉपातला जुना उपाय केला — डावे पाटे उजवीकडं आणि उजवे डावीकडं. पाट्यात खोट असेल तर ती पाट्याबरोबर बाजू बदलते. दोन माणसांचं तीन तासांचं काम, ते आम्ही उन्हात केलं. मी बसलो. डावीकडं दोन बोटं.

पलीकडं उसाच्या गाड्यांचा वजनकाटा आहे. तिथं गाडी चढवली. माझ्यासकट आणि माझ्याशिवाय, असं दोनदा वजन केलं. फरक आला सत्तर किलो. माझं वजन सत्तरच आहे. म्हणजे काट्याच्या हिशेबानं गाडीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आणि त्याच काट्यावर, मी आत बसलेला असताना, मिस्त्री वाकून ओरडला, "अण्णा, दोनच बोटं!"

तुम्ही म्हणाल, बायको होती. मीही हिशेब केला होता. सुशीला पंचावन्न किलोची. त्या कडक पाट्याला पंचावन्न किलोनं दोन बोटांचा फरक पडत नाही, अर्ध्या बोटाचाही नाही. तेवढं मला कळतं. कशानंच काही जुळत नव्हतं.

आम्ही शेडमध्ये येऊन टायरवर बसलो. चहा आला. मी इतका दमलो होतो की कप धरवत नव्हता. मिस्त्री माझ्याकडं न बघता म्हणाला, "नारळ फोडू का एक?"

"नको. आमच्यात नाही."

"हौदु, हौदु," तो म्हणाला. म्हणजे बरोबर आहे, बरोबर आहे. चहा संपवला, खडू उचलला आणि फाळक्यापाशी जाऊन उभा राहिला. "मग मला माझ्या कामाचंच सांगा, अण्णा. मी पाटे बसवणारा माणूस. माणसं किती धरू?"

फाळक्यावर ११ आणि १ होतं. मला ती परंड्याहून येताना दिसली. दोन्ही हातांनी उशी धरलेली, ओठ आवळलेले, आणि 'चला तुम्ही'. त्या रस्त्यावर मी तिला एकदाच विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मला माहीत होतं, म्हणूनच मी विचारलं नाही. गाडी छान चालली होती ना.

मी म्हणालो, "दोन धरा. आणि एकाला मणक्याचा त्रास आहे."

मिस्त्रीनं मान हलवली, जणू कुठलंही गिऱ्हाईक असंच सांगतं. "मग लोड?"

"टाकी काढतो."

माझी वेल्डिंग मीच ग्राइंडरनं कापली. टाकी शेडच्या मागे ठेवून दिली, एक स्टेपनी आणि जड हत्यारंही तिथंच उतरवली. फाळक्यावर आठ आणि दोन आलं. मिस्त्रीनं जाड पाटा काढला आणि पातळ, मऊ पाट्यांचा सेट बसवला. दिवस कलला होता.

आता एवढं नीट वाचा, कारण मला न सुटलेली गोष्ट हीच आहे. लोड उतरवला तरी मऊ पाट्यावर गाडी एका बाजूला जास्त झुकते. डावीकडं आधी दोन बोटं उरत होती, तिथं आता एकही उरायला नको होतं. मी आत बसलो, दार लावलं. लेव्हल डॅशबोर्डवरच होती. बुडबुडा मधोमध. थोडा वेळ थांबलो. हलला नाही. खालून मिस्त्रीचा आवाज आला, "दोन्हीकडं सारखं, अण्णा."

निघालो. आरशात मिस्त्री रस्त्यावर उभा राहून मागून गाडी बघत होता. त्यानं हात आडवा धरून दाखवला, सरळ आहे म्हणून. तुळजापूरच्या अलीकडं रस्ता उखडलेला आहे, तिथं मी गाडी अगदी हळू घेतली. गचका असा बसलाच नाही. मी डावीकडं बघून विचारलं, "दुखतंय का?" उत्तर वगैरे काही आलं नाही. कुणी सांगितलं की आलं, तर मी आजही विश्वास ठेवणार नाही. पण विचारलं, आणि घरी पोचेपर्यंत मी रडत होतो.

करुणाला यातलं काही सांगितलेलं नाही. टाकी का काढली म्हणाली, तर म्हटलं, गावोगाव पाणी मिळतं. ती फोनवर म्हणाली, आईही हेच म्हणायची.

परवा निघतोय. कुणाकडं याचं कारण असेल तर खाली जरूर लिहा. पाट्याचं लोखंड, उन्हानं तापलेली चेसी, दोन दमलेल्या म्हाताऱ्यांची चुकलेली नजर… मी यातलं सगळं धरून बघितलंय, एकही शेवटपर्यंत पुरत नाही. चौतीस वर्षं मी लोड बघून पाटे बसवले. हे एकच काम माणूस बघून केलं, आणि तेही उशिरा केलं.