पेटलेला दिवा मालवू नये

जवळच्या औंढे गावातल्या एका बंगल्याचा माळी लोणावळ्यातल्या माझ्या विजेच्या दुकानात नुसता बल्ब मागायला कधीच येत नसे. बंगल्यातला पितळी मोराचा दिवाच डोक्यावर घेऊन यायचा. दिव्याचं होल्डर जुन्या पद्धतीचं, आट्यांचं. तसले बल्ब आता सहसा मिळत नसत.

एका दुपारी दिवा ठेवत तो म्हणाला, "बाईसाब उद्या येत्यात, भाऊ. त्यांच्या आईचा दिवा हाय. लागला न्हाई तर काय सांगू?"

मी अडगळीतले बल्ब एकेक करून बसवत गेलो. अकरावा लखकन लागला! त्यानं वहाणा काढल्या आणि भर दुपारी हात जोडले. त्याचं पाहून गिऱ्हाइकांनीही जोडले.

मी बटणाकडे हात नेला, तसा तो ओरडला, "आपल्या हातानं मालवू नये!"

"मग नेणार कसा?"

"लाईट जाईल की. रोजच जाती."

बसला मांडी ठोकून. रोज चारदा जाणारी लाईट त्या दिवशी मेली जाईचना. शेवटी मी म्हणालो, "पाप माझं."

त्यानं चटकन पाठ फिरवली. मी बटण दाबलं, तसं वळून त्यानं मोराला समजावलं, "रागावू नगं. ह्यो परका माणूस हाय. आपण घरी जाऊन पुन्यांदा लागू."

हल्ली दुकान बंद करताना बटण दाबतो, तेव्हा मीही दुसरीकडे बघतो.