तिच्याकडचे साडेसहा

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतोय. रेखावृत्तांचा धडा मला पुस्तक न उघडता शिकवता येतो. एका अंशाला चार मिनिटं, आपल्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. एवढं मी मेहकर तालुक्यातल्या कितीतरी पोरापोरींकडून घोकून घेतलंय. आणि वेळेच्या हिशोबातली माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी ज्या दिवशी केली, त्या दिवशी आमचे बाबा गेले होते.

माझी बहीण माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. नर्सिंग करून ती इंग्लंडला गेली, तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात लागली. दर रविवारी दुपारी अडीचला तिला जेवणाची सुट्टी मिळायची, तेव्हा ती घरी फोन करायची. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असायचे. आई विहारातून वंदना आटोपून आलेली असायची, बाबा रानातून येऊन हातपाय धुऊन बसलेले असायचे.

ती गेली त्याच वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सात वाजून गेले, साडेसात झाले, फोन नाही. आईचा जीव वरखाली व्हायला लागला. आठला फोन आला.

"काऊन व एवढा उशीर?" आईनं विचारलं.

"उशीर कुठं झाला? माह्याकडं अडीचच वाजले. आज इथं घड्याळं एक तास मागं केले ना सगळ्यांनी."

मग तिनं समजावून सांगितलं. उन्हाळ्यात तिकडे पहाटे चारलाच उजाडतं, तेव्हा लोक झोपलेले असतात. तो उजेड वाया जाऊ नये म्हणून मार्चमध्ये घड्याळं तासभर पुढे सारतात. संध्याकाळी कामावरून सुटल्यावरही लोकांना भरपूर ऊन मिळतं, मुलं बाहेर खेळतात. हिवाळा आला की पुन्हा मागे. बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे आपल्या लाइटीच्या पाळीसारखं हाय तं. या हप्त्यात दिवसा, पुढच्या हप्त्यात राती. सरकारनं सांगतलं का आपण उठाचं."

"तसंच, बाबा. पण म्हशीले कोण सांगते?" ती हसत म्हणाली. "तिले तं तिच्याच टाइमावर चारा पाह्यजे."

मी शाळेत दरवर्षी शिकवत असलेली गोष्ट बाबांना एका वाक्यात कळली होती, याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं.

पुढे चार वर्षांनी, ऑक्टोबरमध्येच, बाबा आजारी पडले. ताप, खोकला, मग दम लागायला लागला. बुलढाण्याच्या दवाखान्यात तीन दिवस ठेवले, आणि चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते गेले. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "मले पोचाले दोन दिवस लागतीन. आईची हालत पाहा, माह्यासाठी थांबू नका. पण मले दाखव, दादा. फोनवर दाखव."

देऊळगाव राजाहून मामा, मोताळ्याकडून आत्या, सगळ्यांना यायला सकाळ लागणार होती. म्हणून अंत्ययात्रेसाठी रविवारी अकराची वेळ ठरली. मी तिला निरोप पाठवला: उद्या सकाळी अकराला काढतो. तुझ्याकडचे साडेसहा.

अकरातून साडेचार वजा केले की साडेसहा. सगळा उन्हाळा मी हेच गणित करत होतो. तो ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार आहे, आज रात्री तिकडचं घड्याळ मागे जाणार आहे, उद्या साडेचारचे साडेपाच होणार आहेत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि तिनं दादावर विश्वास ठेवला. दादा भूगोलाचा मास्तर.

रविवारी अकराला घरासमोर सगळे जमले. मी व्हिडिओची लिंक उघडून ठेवली होती. ती आली नाही. दोनदा फोन लावला, नुसती रिंग वाजत राहिली. नंतर कळलं, की ती रात्रभर बसून होती. तिच्यासोबत राहणाऱ्या केरळच्या मैत्रिणीनं पहाटे तिला बळंच झोपवलं, फोनचा आवाज बंद करून आपल्या खोलीत नेला, आणि सहाला उठवते असं सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, तिला बघवणार नाही, म्हणून ती फोन घेत नाहीये.

त्रिसरण, पंचशील झालं. आम्ही बाबांना घेऊन निघालो. बरोबर बारा वाजता माझ्या खिशात फोन थरथरला. तेव्हा मी स्मशानात चितेपासून वीसेक पावलांवर उभा होतो. चिता चांगली पेटली होती.

पडद्यावर बहीण होती. न्हालेली, पांढरी साडी नेसलेली, केस ओले. तिच्या मागे खिडकीत नुकतं फटफटत होतं.

"दादा, दाखव."

मी काय दाखवणार? मी फोन चितेकडे वळवला. ती ओरडली, "पेटवलं? माह्या आधीच पेटवलं? साडेसहाच तं वाजले! मी टाइमावर आली ना दादा!"

त्या क्षणी मला ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आठवला. मी म्हणालो, "माय, आज तुह्याकडचं घड्याळ मागं गेलं." एवढंच म्हणालो. तिनं फोन बंद केला.

त्यानंतर ती आईशी रोज बोलायची. माझ्याशी नाही. मी फोन घेतला तर "आईले दे" एवढंच. मी माफी मागणारा निरोप तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला.

थंडीत शाळेत तोच धडा आला. मी फळ्यावर पृथ्वी काढली, रेषा मारल्या. एका मुलीनं विचारलं, "सर, आसामात सूर्य आपल्या आधी निंगते, मंग त्यायचं घड्याळ येगळं काऊन नाही?" प्रश्न चांगला होता. मी सांगितलं, की तिथल्या चहाच्या मळ्यांमध्ये लोक आपसात तासभर पुढची वेळ पाळतात. देशाला दोन वेळा द्याव्यात असं म्हणणारेही आहेत. पूर्वेकडच्या माणसांचा सकाळचा उजेड फुकट जातो आणि ऑफिसं सुटेपर्यंत अंधार पडतो, हे खरंच आहे. पण दोन वेळा झाल्या की रेल्वे, बँका, परीक्षा, सगळीकडे घोळाला जागा होणार. एरवी मी इथं थांबतो. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, "आन् घोळ कागदावर होत नाही, माणसाच्या घरात होते." मी पुढचं न शिकवता स्वाध्याय लिहायला दिला.

घड्याळ बदलू नये या बाजूचा मी झालोय, असं कोणाला वाटेल. तसं नाही. आमच्या गावात तरी सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात साडेबाराच्या आसपास झालेले असतात, म्हणजे आपणही अलाहाबादच्या बाजूची वेळच हातावर बांधून फिरतो. कुठलंच घड्याळ सूर्याचं नसतं. ते माणसांनी एकमेकांना भेटता यावं म्हणून ठरवलेलं असतं. माझी चूक ही होती, की मी तिची वेळ माझ्या सवयीनं मोजली.

फेब्रुवारीत ती महिनाभराच्या रजेवर आली. आईला मिठी मारून रडली. मला "कसा हायेस" म्हणाली. चौथ्या दिवशी मी सकाळी गव्हाला पाणी द्यायला निघालो. दिवसाच्या लाइटीचा आठवडा होता. ती चपला घालून मागे आली. "मले अजून झोपच लागत नाही," म्हणाली.

मोटर चालू केली, पाणी पहिल्या वाफ्यात सोडलं, आणि आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलो. ती पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "दादा, मले तो तास सांग. अकरा ते बारा. काय काय झालं ते सगळं सांग. काही सोडू नको."

मी सांगायला लागलो. बाबांना अंघोळ कोणी घातली, कोणता सदरा घातला. मामा उशिरा आले आणि दारातच बसले. आईनं बाबांच्या कपाळावर हात ठेवला आणि काढेचना. खांदा कोणी कोणी दिला, कोणत्या वळणावर बदलला. मी मधेमधे उठून वाफा फोडत होतो, परत येऊन बसत होतो. ती विचारायची, "मंग?"

मग ती गोष्ट आली जी मी कोणालाच सांगितली नव्हती. "निंगाच्या वक्ती आपल्या धुऱ्याले लागून वावर असलेले काका म्हणे, थांबा, पोरगी येऊ द्या फोनवर, एवढी काय घाई हाय? त्यायच्या म्हणण्यानं सगळे थांबले. दहा मिनिटं. मंग मीच म्हणलं, चला, पोरगी नाही येत. मीच म्हणलं."

मला वाटलं, आता ती उठून जाईल. ती माझ्याकडे वळली.

"दहा मिनिटं थांबले?"

"हाव."

"सगळे? उन्हात?"

"सगळे."

तिनं पदरात तोंड खुपसलं आणि ती पहिल्यांदा माझ्याजवळ रडली. थोड्या वेळानं म्हणाली, "एवढे महिने मले वाटे, माह्यासाठी कोणी थांबलंच नाही. तू हे आधी काऊन नाही सांगतलं?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. वाफा भरून पाणी धुऱ्यावर चढलं, तेव्हा तीच उठली आणि फावड्यानं पुढच्या वाफ्याचं दार फोडलं.

दुपारी ती म्हणाली, "काकाच्या घरी चाल." काका ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. नव्वदीकडे झुकलेले, कानानं कमी. तिनं मोठ्यानं सांगितलं, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी सगळ्यांना थांबवलं म्हणून. त्यांना ते आठवत नव्हतं. त्यांनी तिला नीट पाहिलं, शेंगांचं सूप तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बस. सोल थोड्या. चहा मांडाले सांगतो."

ती बसली. मीही बसलो.