हळदीचा डाग

आमच्या फिल्मच्या वर्गातल्या सायलीनं परीक्षेसाठी हळदीच्या गाण्याचा व्हिडिओ केला. त्यात नाच नाही, नवरीसुद्धा नाही. गाणं वाजतंय आणि तिची मावशी मोरीत बसून हळदीनं माखलेले कपडे धुतेय. साबण लागला की पिवळे डाग लालभडक होतात, एवढंच.

"सर, नाच हवा होता का?"

"हवाच. हळदीच्या गाण्याला एक बाज असतो," म्हणत मी गुण कापले.

शिकवायला लागण्याआधी मी असली कितीतरी गाणी चित्रित केली. माझा कॅमेरा नवरीचे गाल सोडून कधी मोरीपर्यंत गेला नाही.

आज आमटी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावला. डाग लाल झाला. हे मलाही लहानपणापासून माहीत होतं. तेच सहन होत नाही.