मोडीतलं पदक

माझ्या जिवलग मित्राचा डावा डोळा मी फोडला. भांडण एका पदकावरून झालं.

मी शेवगावात चित्रकलेचा मास्तर, तो तिथलाच सोनार. माझ्या आजोबांना मिशनच्या शाळेत बक्षीस मिळालेलं एक पदक आमच्या घरी होतं. त्यावर चर्चची दर्शनी बाजू कोरलेली. पदकाची कडी तुटली म्हणून मी त्याच्या दुकानात गेलो, तर भिंग डोळ्याला लावून तो कडी विसरून पदकच बघत बसला.

"मास्तर, कोरणाऱ्यानं एकेक कौल काढलंय रे," म्हणाला.

तेव्हापासून आम्ही दोघं देवळं, चर्च, मशिदी कोरलेली जुनी पदकं जमवत होतो. सुट्टी मिळाली की एसटीने पारनेर, अकोले. जिथे मोडीचं, भंगाराचं दुकान तिथे आम्ही. ज्याला आधी दिसेल त्याचं पदक, एवढाच नियम. वीस वर्षं तो कोणी मोडला नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, आम्ही गावातल्याच एका बाईंच्या मोडीच्या दुकानात गेलो. भट्टीला जाणारं पितळ दारातल्या टेम्पोत भरत होते. फुटक्या घागरींखाली एक काळं पडलेलं पदक होतं, तळहाताएवढं. आम्ही दोघं एकदमच वाकलो. वरच्या बाजूला चर्च; उलटं केलं तर त्याच चर्चचं आतलं दृश्य. खांबांच्या रांगा लांब आत गेलेल्या, फरशीचे चौकोन लहान होत होत थेट वेदीपर्यंत. असं पदक आम्ही कधीच पाहिलं नव्हतं.

"मला आधी दिसलं," मी म्हणालो.

"सोड. हात माझा पडलाय."

त्याने माझी करंगळी धरली आणि उलटी पिळली. ती मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी डोक्याने त्याच्या तोंडावर धडक दिली. त्याचा ओठ फाटला. त्याने माझ्या मनगटाचा चावा घेतला आणि दात रुतवूनच ठेवले. आम्ही घागरींवर कोसळलो. साठीला आलेली दोन माणसं, एकमेकांचे गळे धरून लोळत होतो.

"अवो गुरुजी, सोडा! मरंल त्यो!" बाई ओरडत होत्या.

माझ्या हाताला तराजूचं वजन लागलं. मी ते उचललं आणि मारलं. एकदा कपाळावर. मग पुन्हा, आणि तो घाव डोळ्यावर बसला.

त्याने दात सोडले. डोळ्यावर धरलेल्या त्याच्या बोटांमधून रक्त गळत होतं आणि पदक माझ्या मुठीत होतं.

टेम्पोवाल्याने पितळ खाली ओतून त्याला नगरला नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. वाटेत तो एकदाही कण्हला नाही. दवाखान्यात पोलीस आले तेव्हा म्हणाला, "मोडीवर पाय घसरला. पत्रा लागला." डोळा गेला तो गेलाच.

तीन महिन्यांनी मी पदक घेऊन त्याच्या दुकानात गेलो. त्याने मला आत बोलावलं, शटर अर्धं ओढलं आणि सगळी ताकद लावून माझ्या कानाखाली मारली. मी भिंतीवर आदळलो. दुसरी मारली. तिसऱ्याला माझ्या नाकातून रक्त आलं. मी हात वर केला नाही.

"आता बस," तो धापा टाकत म्हणाला. "आन् दाव ते."

भिंग उजव्या डोळ्याला लावून तो बराच वेळ बघत राहिला. "लई बारीक काम हाय," म्हणाला. पदक मी त्याच्याकडेच ठेवलं. त्याने ते परत दिलं नाही, मीही मागितलं नाही.

नाजूक जडावाचं काम त्याने आता सोडलं आहे. मी दर आठवड्याला जातो, चहा पितो. माझी करंगळी वाकडीच राहिली. एक गोष्ट मात्र मी त्याला अजून सांगितलेली नाही. दुसरा घाव घालताना माझा तोल गेलेला नव्हता. मला दिसत होतं मी कुठे मारतोय ते.